अंबादासचा पितळी जोड

मुलुंडच्या अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धोंडिरामसारखा वेल्डर नाही, असं खुद्द धोंडिरामचंच मत होतं. दुसऱ्या कुणाला विचारायची त्याला कधी गरजच वाटली नाही! इलेक्ट्रिक वेल्डिंगचा होल्डर हातात आला की मोडलेला पूलसुद्धा शिवून देईन म्हणायचा.

त्याचा थोरला भाऊ अंबादास मात्र ब्रेझिंगवाला. म्हणजे गॅसच्या ज्योतीवर लोखंड लाल करायचं आणि सांध्यात पितळ वितळवून भरायचं.

"दादा, हे काय भांड्यांना कल्हई लावल्यासारखं काम!" धोंडिराम चिडवायचा.

"ये रविवारी, शिकवतो," अंबादास हसून म्हणायचा. तो रविवार काही उगवला नाही. ब्याऐंशीच्या मार्चमध्ये छातीत कळ येऊन अंबादास गेला.

मागे राहिली द्रौपदीवहिनी आणि इंग्रजांच्या काळातली एक मोटारसायकल. तिच्या हँडलखालचा सांधा अंबादासने स्वतः पितळ भरून जोडला होता. वर्षभरात तिथे केसाएवढी चीर पडली.

"भावजी, पहिल्या स्मृतिदिनाला मला यांच्या गाडीवर बसून बुद्धविहारात जायचंय," वहिनी म्हणाली. "तुम्ही चालवा. तेवढी चीर बघा, पण जपून हं! यांच्या हातचं तेवढंच राहिलंय."

"पाच मिनिटांचं काम, वहिनी!"

आणि खरंच पाच मिनिटांत धोंडिरामने वाट लावली! ठिणगी पडताच पितळ फसफसलं, पांढऱ्या धुराने गाळा भरला. जोड दिसायला झकास. धोंडिराम चहा पिऊन येतो तो काय, जोडाला लागूनच नवी चीर! त्याने तिच्यावरही वेल्डिंग मारलं. पलीकडे तिसरी!

त्या धुराने संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. एवढ्या उकाड्यात तीन गोधड्या! वहिनीने मलेरिया ठरवला. म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन त्याच्या बोटातून रक्त घेऊन गेला, शेजाऱ्यांनी डासांच्या भीतीने पाण्याची पिंपं उपडी केली आणि अख्ख्या चाळीने कोरड्या घशाने त्याला शिव्या घातल्या.

"आणि गाडी?" वहिनीने विचारलं.

"पाच मिनिटं राहिलीत," गोधडीतून आवाज आला.

बरा होऊन त्याने पुन्हा वेल्डिंग मारलं. आता फ्रेमची मानच वळली. मागचं चाक सरळ ठाण्याकडे बघत होतं, पुढचं भांडुपच्या डोंगराकडे! शेवटी त्याने सगळा सांधा ग्राइंडरने खरवडला. पिवळा भुगा त्याच्या शर्टावर, पायावर, चपलेत साचला. आपण काय झाडून टाकतोय हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. दादाच्या हातचं शेवटचं काम त्याने भुगा करून टाकलं होतं. तो तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी फ्रेम टेम्पोत घालून तो कांजूरमार्गला मार्तंडकाकांकडे गेला. मार्तंडकाका अंबादासचे जुने जोडीदार. त्यांनी सांधा बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"पितळेवर इलेक्ट्रिक मारलंस? अरे, लोखंडात पितळ शिरलं की वेल्डिंग टिकतं का कधी! अंबादासने शिकवलं नाही तुला?"

"तो बोलवायचा, काका. मीच गेलो नाही."

"माझा हात आता थरथरतो. मी सांगतो, तू कर."

आठ दिवस धोंडिराम, इस्टेटचा बादशहा, भंगारातल्या नळ्या जोडून काकांच्या शिव्या खात होता. "आधी टाकणखार लाव, त्याशिवाय पितळ धरत नाही! पितळ नको तापवू, सांधा तापव! तो पुरता तापला की पितळ आपणहून आत जातं!" नवव्या दिवशी फ्रेमची मान सरळ करून, नळीचा तुकडा बदलून त्याने खरा सांधा भरला. पितळ पाण्यासारखं आत गेलं. काकांनी मान डोलावली. असा जोड धोंडिरामने जन्मात केला नव्हता.

स्मृतिदिनाला पांढरी साडी नेसून वहिनी गाडीपाशी आली. तिने वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. धोंडिरामने रात्रभर घोकलेली कबुली ओठांवर आणली.

"वहिनी, मला तुम्हाला..."

"बघा की, भावजी!" वहिनीचे डोळे भरून आले होते. "काय हात होता यांचा! चीर कुठं होती तेसुद्धा कळत नाही. तुम्ही तेवढी चीर बुजवून नुसतं पुसलंत तरी कसं झळकतंय!"

धोंडिरामने तोंड मिटलं आणि किक मारली.

मागे बसता बसता वहिनी म्हणाली, "राग नका मानू, पण यांच्याकडून थोडं शिकून घ्यायला हवं होतंत तुम्ही."

"हो, वहिनी," धोंडिराम म्हणाला.