हैबतराव सरकारांची साखरबंदी आणि मोकळा राहिलेला दरवाजा

श्री. उदरी बसून जो खाल्लेले जिरवितो आणि काळजात बसून जो न सांगता ठोके देतो, त्या धन्यास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद मास. एक राज्य होते. त्याचे नाव पुसू नये. पुसून करायचे काय, सगळीकडे तेच. तेथे हैबतराव सरकार राज्य करीत होते, आणि सरकारांस मधुमेह जडून बहुत वर्षे लोटली होती, आणि त्यांच्या राणी मथुबाईसाहेब त्या मधुमेहावर पहारा देता देता थकून गेल्या होत्या. दुखणे सरकारांचे आणि धास्ती बाईसाहेबांची, ऐसा कारभार. सरकारांनी पूर्वीच हुकूम सोडिला होता की राज्यात साखर येऊ देऊ नये. मग वेशीवर चौकी बसली, आणि मुदपाकखान्यातून साखरेचे डबे निघाले, आणि जिलबीवाले हलवाई परमुलखात गेले, आणि सरकार बिनसाखरेचा चहा पिऊन लढाई मारल्यासारखे मिशीवरून हात फिरवीत. येथवर सर्व यथास्थित. परंतु गोड सुटले म्हणून सरकारांच्या जिभेने काही संन्यास घेतला नव्हता. मग सकाळी शेव, आणि दुपारी पापड-कुरडया, आणि तिसरे प्रहरी कांदाभजी, आणि जेवणाउपर तमाखूचा बार. कोणी हटकिले तर सरकार म्हणत, "गोड आहे का? नाही ना? मग झाले तर!"

राजवैद्य त्रिंबकशास्त्री येऊन पुष्कळ सांगत. एके दिवशी बोलिले, "महाराज, साखर आटोक्यात ठेविली, उत्तम केले. परंतु मधुमेह ज्याचे घरी, त्याचे काळजावर स्वारी चहूंकडून येते. रक्ताचा दाब पाहावा, रक्तातील चरबी पाहावी, दाबाची गोळी चुकवू नये, मीठ आवरावे, तमाखू सोडावी, रोज चालावे. नाही तर मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!" सरकार "बरे, बरे" म्हणोन पानावर गेले, आणि दरबारही मागोमाग गेला, पान वाढले असता शास्त्र कोण ऐकतो? बाईसाहेब तेवढ्या मागे राहिल्या. मग शास्त्रीबोवा त्यांस हळूच बोलिले, "आईसाहेब, आणखी एक. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात. इतरांचे काळीज संकटात कळ मारून ओरडते. यांचे कदाचित ओरडणारही नाही. उगाच दम लागला, गार घाम सुटला, नेहमीहून वेगळा थकवा आला, तर छातीत दुखण्याची वाट पाहू नये. तडक इस्पितळ गाठावे." बाईसाहेबांनी ऐकिले, आणि मान हलविली, आणि डोकीवर आधीच होते त्यात हेही ओझे घेतले.

तो भाद्रपदात तिमाहीचा झाडा आला, म्हणजे तीन महिने साखर कशी राहिली ते सांगणारी रक्ताची तपासणी. आणि तो झाडा नामी आला. सरकारांस हर्ष मावेना. मग दरबार भरविला, आणि परातीच्या पराती भजी तळविली, आणि भाट बोलाविले. बाईसाहेब दाबाची गोळी घेऊन पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आधी ही घ्यावी, आणि भजी दोनच पुरेत." सरकार भरदरबारी हसून बोलिले, "बाईसाहेब, आपण राणी की नाक्यावरचा शिपाई? झाडा पाहिला ना? आता तरी पिच्छा सोडा आमचा!" आणि दरबार खो खो हसला, ज्यांस काय झाले ते ऐकू आले नव्हते तेही हसले. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी गोळी तबकात ठेविली आणि मनात म्हणाल्या, पुरे झाले बाई! पालथ्या घड्यावर पाणी ओतायचे तरी किती? खा म्हणावे काय खायचे ते. आजपासून एक शब्द बोलेन तर शपथ. आणि सज्जात जाऊन बसल्या, आणि खरे सांगायचे तर त्यांस बरेही वाटले.

दुपार कलली. सरकार हौदापर्यंत जाऊन आले आणि सावलीत खांबास टेकले, आणि त्यांस दम लागला, आणि कपाळ घामाने निथळू लागले. "थकलो बुवा," म्हणाले. आता 'थकलो' हा शब्द त्या राज्यात रामरामासारखा चालत असे; कारभारी थकलेला, शिपाई थकलेला, घोडी थकलेली, लक्ष कोणाचे जाते? तरी कारभारी बाळोबा याने पुसले, "छातीत दुखते काय?" सरकार म्हणाले, "छे! मुळीच नाही." झाले! दरबाराचा जीव भांड्यात पडला. बाळोबा म्हणाला, "पित्त आहे. ओवा चावून घटकाभर पडावे." बाईसाहेबांनी हे सर्व सज्जातून पाहिले आणि शास्त्रीबोवांचे शब्द त्यांच्या कानात वाजू लागले. परंतु शपथ घेऊन प्रहर लोटला नव्हता. पुन्हा बोलावे आणि पुन्हा हसू करून घ्यावे? त्यांस राग होता आणि तो खरा राग होता; भोगू दे एकदा, ऐसेही मनात येऊन गेले. इतक्यात सरकार जोडा घालू गेले आणि त्यांस पायात जोडा सरकविता येईना, आणि ओठ पांढरेफटक दिसले. मग कसली शपथ आणि कसले काय! बाईसाहेब उठल्या आणि जिना उतरता उतरता ओरडल्या, "पालखी नको, मोटार काढा!" सरकार चिडून म्हणाले, "उगीच कशाला? दुखत नाही म्हणतो ना!" बाईसाहेब म्हणाल्या, "दुखत नाही म्हणूनच चला." बाळोबास हसू फुटले. तेव्हा बाईसाहेब त्याजकडे वळून बोलिल्या, "हसा मेल्यांनो, पोटभर हसा! पण आधी त्यांना धरा."

इस्पितळी छातीस तारा लावून काळजाचा आलेख काढिला, आणि तो पाहताच दाक्तर धावू लागला. एक रक्तवाहिनी बंद आणि दुसरी निम्मी बुजलेली. मग मनगटातून तार घालून वाट मोकळी केली आणि आत जाळी बसविली. दाक्तर बाहेर येऊन म्हणाला, "ओवा चावीत पडून राहिले असते तर उठले नसते." बाळोबा भिंतीकडे पाहू लागला. बाईसाहेब सरकारांच्या खाटेजवळ गेल्या. स्टुलावर बसल्या, त्या रात्रभर बसूनच होत्या.

सकाळी सरकारांनी डोळे उघडिले आणि म्हणाले, "थकलो." बाईसाहेब म्हणाल्या, "मीही." सरकार त्यांजकडे पाहतच राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांनी ऐकिले नव्हते, कारण कधी पुसले नव्हते. मग उशाशी ठेविलेल्या गोळ्यांकडे पाहून म्हणाले, "दाबाची गोळी यातली कोणती?" बाईसाहेबांनी दाखविली. सरकारांनी ती आपल्या हाताने घेतली, आणि वर पाणी प्याले, आणि म्हणाले, "आता घरी जाऊन निजा." बाईसाहेब म्हणाल्या, "तुमचा भरवसा नाही." सरकार म्हणाले, "नाही खरा. मग येथेच टेका." आणि पाय आखडून खाटेवर जागा करिते जाहले. बाईसाहेब टेकल्या, आणि टेकल्या टेकल्याच त्यांचा डोळा लागला, आणि परिचारिका औषध घेऊन आली तेव्हा सरकारांनी ओठांवर बोट ठेवून तिला खुणेने थांबविले, आणि बाईसाहेब उठेपर्यंत पाय आखडूनच बसले.

इतुके वर्तमान घडले. जाळी बसली, मधुमेह गेला नाही. गोळ्या रोज आहेत, चालणे रोज आहे, भज्यांची वासनाही रोज आहे. राज्य तूर्त उभे आहे.