विनूकाकांचा पट्टा

विनूकाकांची ओळख करून घ्यायची तर आधी त्यांच्या पोटाला बोट लावावं लागतं. नमस्कार-चमत्कार नंतर. ते सदरा वर करतात, तुमचं बोट धरतात आणि बरगड्यांच्या खाली एका ठरावीक जागी दाबतात. कातडीखाली बटणासारखं काहीतरी टणक लागतं. "लागला? हा माझा नळ. बराबर ने?" आजवर डहाणूतले बँक मॅनेजर, तलासरीच्या एसटीचे कंडक्टर आणि मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेले माझे व्याही, अशा सगळ्यांनी तो नळ दाबला आहे. व्याह्यांनी तरीही सोयरीक मोडली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आमच्या कुंपणाला लागूनच त्यांची चिकूची वाडी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बडोद्याला दिली. एके काळी हा माणूस असा जेवायचा की पंगतीत त्यांना शेवटच्या पानावर बसवत. मध्ये बसवलं तर वाढपी पुढे सरकायचेच नाहीत. रिक्षावाला त्यांना सीटच्या बरोबर मधोमध बसवायचा. पुढे गुडघे गेले, साखर वाढली आणि स्वतःच्याच झाडाखाली पडलेला चिकू वाकून उचलता येईना. तेव्हा मुंबईला जाऊन पोटात पट्टा बसवून आले.

आल्या आल्या त्यांनी माझ्या मुलीची बांगडी आणि एक लांबट फुगा मागून घेतला. फुगा बांगडीत अर्धवट घुसवला आणि अंगणात शिकवणी सुरू झाली.

"हा फुगा म्हणजे जठर. बांगडी म्हणजे पट्टा. वर ही एवढीशी थैली, खाली जुनं गोदाम. काय कापलं नाय, काय काढलं नाय. दुर्बिणीने बारीक भोकं पाडली न् पट्टा घातला. वरची थैली चार घासांत भरते, की झालं, भूक गप्प. अन्न खाली उतरतं धीमे धीमे."

"आणि नळ?"

"नळातून नळी जाते पट्ट्याला. डॉक्टर सुईने खारं पाणी भरतात, पट्टा आतून फुगतो, वाट अरुंद होते. पाणी काढलं की ढिला. आपल्या ठिबकचा कॉक नाय काय? तसाच."

बांगडी अजून परत आलेली नाही.

पट्टा म्हणजे जादू नव्हे, हे सांगायलाही ते लाजत नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी आइस्क्रीम वितळवून पिण्याची युक्ती काढली. पातळ पदार्थ पट्ट्याला भीक घालत नाही, सरळ गोदामात जातो. वजनकाट्याने चुगली केली आणि डॉक्टरांनी खरडपट्टी काढली. तेव्हापासून काका शहाण्यासारखे जेवू लागले. पिशवीत स्वतःची स्टीलची वाटी, त्यात मावेल तेवढंच अन्न, एकेक घास पीठ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी नाही. घाई केली की घास छातीत अडकायचा आणि काका तोंडावर हात धरून बाहेर पळायचे. लग्नात मांडव सोडायची वेळ आली तरी हे पहिल्या पुरीवरच असत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण गिळणं मंदावलं. मऊ खिचडीची एक वाटी संपायला अर्धा तास लागे. आमची ताटं वाळायची, माझी सून उष्टी काढायला ताटकळायची, आणि ते पाहून आई चमचा खाली ठेवायची. "भूक नाय रे," म्हणायची. महिन्याभरात ती निम्मी झाली. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. नळीचं नाव ऐकून आई भिंतीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला विनूकाका वाटी घेऊन हजर.

"वहिनी, मला पन सावकाश जेवायला लागतं. लोक कंटाळतात. तुमच्यासोबत बसू?"

बसले. एक घास, मग चिकूच्या भावाची तक्रार. एक घास, मग वाढवणला बंदर होणार की नाही. आई हसायला लागली. "हरलात वहिनी! माझे अजून दोन घास बाकी," असं ओरडून ते तिला चिडवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती आणखी सावकाश, पण सगळं जेवायची. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही. आज माझी आई आहे ती औषधांमुळे, आणि तेवढीच विनूकाकांमुळे. हे उपकार फिटायचे नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास मी तलासरीहून परतत होतो. हायवेच्या कडेला उंबाडियूच्या टपरीवर थांबलो. मडक्यात भाजलेली पापडी, कंद, रताळी, थंडीत तोंडाला पाणी सुटणारच. बघतो तर कोपऱ्यात विनूकाका! हातात भरलेली पत्रावळ, आणि घास असे चालले होते की जुन्या पंगती आठवल्या. कुठे काही अडकत नव्हतं.

मला पाहून ते ओशाळले.

"काका, पट्टा?"

"ढिला केला. दिवाळीच्या आधीच." त्यांनी हात पुसले. "रात्री आंबट पाणी वर यायचं, खोकला. डॉक्टरांनी सगळं पाणी काढून टाकलं. वजन म्हणशील तर ते आता वहिनींसोबतच्या एका वाटीवर ताब्यात राहतं. हे आपलं कधीतरी."

"म्हणजे दिवाळीपासून तुम्ही आमच्याकडे अर्धा अर्धा तास उगाच..."

"उगाच नाय." ते एकदम म्हणाले. मग पत्रावळीकडे बघत राहिले. "वहिनींना बोलू नको हां. त्यांना वाटेल मी त्यांच्यासाठी थांबतो. तसं नाय रे. घरी बसलो तर पाच मिनिटांत ताट साफ होतं. मग पुढे काय करायचं?"

मी त्यांचे पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

त्या संध्याकाळी आई चमचा हातात धरून दाराकडे बघत होती. काका आले, पोट तुडुंब भरलेलं असूनही वाटीत दोन चमचे खिचडी घेतली आणि पहिला घास चावत बसले. मीही माझं ताट आणून त्यांच्या शेजारी मांडी घातली. माझं जेवण कधीच आटोपलं. हात वाळला तरी मी उठलो नाही.