धुऱ्याची गोष्ट

शेजारच्या दिनकरभाऊंनी मला माझं नाव विचारलं ते ओळख झाल्यावर चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "सर, तुमच्याकडं धुऱ्याले काय म्हनतेत?"

मी साताऱ्याचा, बदली होऊन नुकताच चिखलीत उतरलेला, हातात अजून गॅसची शेगडी. धुरा म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. दोन शेतांमधली उंच हद्द, त्यांनी समजावलं. आम्ही बांध म्हणतो, मी म्हटलं. त्यांनी खिशातून वही काढली, शब्द टिपला आणि मगच शेगडीला हात लावला.

त्या वहीतून कोणाची सुटका नव्हती. कोकणातल्या नर्सबाईंकडून त्यांनी 'मेर' मिळवली. एका लग्नात तर नवरदेवालाही सोडलं नाही. अक्षता पडायच्या आत त्याच्या गावचा शब्द वहीत. पुढचा प्रश्न ठरलेला, "पन आला कुठून?" संस्कृतच्या एका गुरुजींनी सांगितलं, धुर म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, त्यावरून आला असेल. "बैलापर्यंत बराबर हाय," दिनकरभाऊ म्हणाले, "फुडचं सांगा."

एकदा मी वैतागून विचारलं, एवढं काय अडलंय? तेव्हा कळलं. देऊळघाटच्या शेतात, धुऱ्यावरच्या लिंबाखाली वडील दुपारी या शब्दाची गोष्ट सांगायचे. "बैल सोडले इथलोक आठवते. मंग मले झोप लागे. शेषराव आयके."

शेषराव म्हणजे धाकटा भाऊ, शेजारच्याच वावराचा मालक. मग त्यांनाच विचारा की, मी म्हटलं. दिनकरभाऊ उगाच पानं चाळत राहिले. एका वर्षी नांगरताना त्यांनी धुरा कोरून एक तास, म्हणजे नांगराच्या एका चरीएवढी जमीन, आपल्याकडे ओढलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"कोरला मीच," ते म्हणाले. "आता कोन्या तोंडानं विचारू?"

मला फार वाईट वाटलं. रविवारी मी देऊळघाट गाठलं. शेषरावांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला.

"मले कुठची आठवते? मले तं त्याच्याही आंधी झोप लागे."

मी निघालो, तसे ते फाटकापर्यंत आले. "त्याले हे नका सांगू. शेषरावले पुरी आठवते म्हना. आयकाची असंल तं धुऱ्यावर ये म्हना."

मी निरोप न हसता तसाच पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, दोघांपुरत्या भाकरी बांधून देऊळघाटच्या जीपकडे निघाले. वही माझ्या ओट्यावरच राहिली होती. मी हाक मारली.

"राहू द्या," ते म्हणाले. "आज नाही लागनार."