सुटला की सोडला

पाणीपुरवठा कार्यालयाचा क्रिकेट संघ आंतरविभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वीज कार्यालयाकडून हरला, तोही शेवटच्या चेंडूवर आणि एका गड्याने. घटना दुःखद होती, पण खरी अडचण वेगळीच होती. सामना कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत आणि रीतसर परवानगीने खेळला गेला असल्यामुळे तो कामकाजाचा भाग होता. कामकाजात काही बिघडले की अहवाल जातो, आणि अहवालाच्या तळाशी एक रकाना असतो: जबाबदार व्यक्ती. हा रकाना आजवर कोराच जात असे आणि वरचे कार्यालयही तो कोरा वाचून समाधान पावत असे. या खेपेला मात्र वरचे मोठे साहेब स्वतः मंडपात बसून सामना पाहत होते, आणि हरल्यावर त्यांना वीज कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचा हात हातात घेऊन हसावे लागले होते. रकाना भरून यावा, असे दुसऱ्याच दिवशी कळवण्यात आले.

आता या कार्यालयात कुणी कधी काही केलेले नव्हते. जे व्हायचे ते आपोआप होत असे. जलवाहिनी फुटे, पाणी गढूळ होई, टाकी भरून वाही, फाइल गहाळ होई. आस्थापना शाखेच्या बाई या भाषेच्या राखणदार होत्या. नवा माणूस रुजू झाला की त्याला बसायची जागा दाखवण्याआधी त्या क्रियापद दाखवत. 'फोडली' असे लिहून आलेला कागद त्यांच्या टेबलावरून 'फुटली' होऊन पुढे जाई. बाईंच्या या एका लेखणीने किती संसार वाचले असतील, याची गणती नाही.

संघातल्या सर्वांकडून खुलासे मागवण्यात आले. कार्यालयाचे साहेब हुद्द्याने सर्वांत वरचे म्हणून संघाचे कर्णधार होते आणि त्याच कारणाने सलामीलाही जात. त्यांनी लिहिले, 'पहिल्याच चेंडूवर यष्टी उडाल्याचे निदर्शनास आले.' लेखापालांनी लिहिले, 'धावत असताना धाव अपूर्ण राहिली.' घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणारा गडी संघात जलदगती गोलंदाज होता; त्याच्या खुलाशात चेंडू यष्टीच्या बाहेरून जात राहिले होते. बाईंना कुठेच खाडाखोड करावी लागली नाही. शेवटचा कागद मुख्य लिपिकांचा होता. त्यावर एकच वाक्य होते: 'झेल मी सोडला.'

मुख्य लिपिकांना सारे कार्यालय 'खांब' म्हणत असे, तोंडावर मात्र 'काका'. ऐन तारुण्यात ते स्लिपमध्ये उभे राहिले ते केस पिकेपर्यंत तिथेच उभे होते. हात अजून नरम होते, नजर शाबूत होती आणि फलंदाजीत आजही त्यांच्याइतका वेळ कुणी टिकत नसे. या महिनाअखेर ते सेवानिवृत्त होणार होते. मुलगी दुसऱ्या गावी होती, तिच्या घरामागे मोकळी जागा होती, आणि चेंडू दिसला की जेवण विसरणारी एक नात होती. तिला झेल घ्यायला शिकवायचे, एवढाच खांबाचा पुढचा बेत होता. काकूंनी तर भांडीसुद्धा बांधायला काढली होती. म्हणजे माणसाला या जगाकडून फार काही नको होते, वेळेवर सुटका हवी होती.

बाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि दार लोटून घेतले.

"काका, हे 'सुटला' करा."

"का?"

"अहो, सगळ्यांचे झेल सुटतात. त्यात कमीपणा नाही. 'सोडला' म्हटलं की कुणीतरी सोडला असं होतं."

"मीच सोडला ना बाई. चेंडू सरळ हातात आला होता. ऊन डोळ्यांत नव्हतं, हात ओले नव्हते. सोडला."

बाईंनी कागद दोन बोटांनी धरला. एवढ्या नोकरीत या टेबलावर 'मी' आलेला नाही, असे त्या म्हणाल्या. जाता जाता नसती पीडा ओढवून घेऊ नका, असेही त्यांनी बजावले. खांब हसला. चार दिवस राहिले, आता माझे कोण काय वाकडे करणार, असे म्हणून तो चहाला गेला. माणूस शहाणा असला तरी निवृत्तीच्या तोंडावर थोडा बेसावध होतो.

त्या संध्याकाळी खुलाशांवर बैठक बसली. 'मी' हाती लागल्याची बातमी आधीच पसरली होती आणि उन्हाळ्यात नळाला पाणी यावे तसे सगळ्यांचे चेहरे खुलले होते. साहेबांनी गंभीरपणे मुद्दा मांडला की एका झेलाने सामना हरत नाही, मागची साखळी पाहिली पाहिजे. साखळी पाहण्यात आली. साहेब फलंदाजीला निघाले तेव्हा "सांभाळून खेळा साहेब" असे कोण म्हणाले होते? खांब. त्यामुळे साहेब सांभाळायला गेले आणि यष्टी उडाली. लेखापाल धावबाद झाले तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण होते? खांबच. ते इतके शांत उभे होते की लेखापालांना घाई आहे असे वाटलेच नाही. गोलंदाजाचे चेंडू बाहेर का गेले? कारण स्लिपमध्ये एवढा भरवशाचा माणूस उभा असल्यावर चेंडू त्याच्याच दिशेने टाकावासा वाटतो.

"पण काकांनी सगळ्यांत जास्त धावा काढल्या," कुणीतरी भीत भीत म्हणाले.

"तिथंच तर गोम आहे," साहेब म्हणाले. "त्यांनी धावा काढल्या नसत्या तर आपण निमूटपणे, दणकून हरलो असतो. मोठ्या साहेबांना आशा लागली नसती. हरण्याचं दुःख नसतं हो, थोडक्यात हरण्याचं असतं. हे थोडक्यात कुणामुळे झालं?"

यावर खांबाने विचार केला. आपल्या धावांमुळे सामना चुरशीचा झाला, हे काही खोटे नव्हते. "माझ्यामुळे," तो म्हणाला. रकाना भरला आणि बैठक आनंदात संपली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती शाखेचा अभियंता दारात येऊन उभा राहिला. बाजारपेठेतली जलवाहिनी नेमकी सामन्याच्या दिवशीच फुटली होती. काकांमुळे सामना लांबला, लांबला म्हणून माणसे मैदानावर अडकली, अडकली म्हणून झडप वेळेवर बंद झाली नाही. तर एवढे एक आमचेही करा, कृपा होईल. खांबाला हे पटले नाही, पण अभियंत्याच्या घरी लहान मूल आजारी होते आणि चौकशीने तो अर्धा झाला होता. जाता जाता कुणाचे भले होत असेल तर होऊ दे, असे मनाशी म्हणून त्याने सही केली. एकदा खीर वाटायला घेतली की वाडगी घेऊन येणारे सरत नाहीत. तिसऱ्या दिवशी खोलीबाहेर रांग होती. गढूळ पाणी आले, गहाळ फाइली आल्या, भरून वाहिलेल्या टाक्या आल्या, पडलेल्या भिंती आल्या. त्यातली एक भिंत खांब शाळेत असताना पडली होती. त्याने ते सांगितले तेव्हा शाळकरी वयातला खोडकरपणा लक्षात घेऊन सौम्य दृष्टिकोन ठेवला जाईल, असे त्याला आश्वासन मिळाले.

काकू घरी भडकल्या. "तुम्हाला वेड लागलंय का? उद्या शेजारच्यांचं दूध उतू गेलं तरी तुम्हीच सही कराल."

खांबाने चष्मा पुसायला घेतला, कारण शेजारचे सकाळी खरोखरच येऊन गेले होते. दुधासाठी नाही, मुलाच्या मार्कांसाठी.

महिनाअखेर आली. खांबाने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि निरोप घ्यायला तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला. एकही प्रकरण प्रलंबित नसलेले हे राज्यातले पहिले कार्यालय ठरले होते. आदर्श कार्यालयाची ढाल भिंतीवर लागली होती, आणि स्पर्धेतल्या पराभवाचे दुःख त्या ढालीने पार पुसून टाकले होते. मग त्यांनी एक पत्र पुढे केले. खांबाला लोकाग्रहास्तव मुदतवाढ देण्यात आली होती.

"कुणी दिली?" खांबाने विचारले.

"दिली गेली."

"हो, पण कुणी?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी खुलासा केला की लोकांचाच आग्रह आहे, त्यात कार्यालयाचे काय चालते. त्या लोकांपैकी एखाद्याने जरी 'मी आग्रह केला होता, आता मागे घेतो' असे लिहून दिले तर विचार केला जाईल.

खांब लोक शोधायला निघाला. गल्लीतला शिंपी म्हणाला, मी कशाला आग्रह करू, लोक करत होते. केस कापणारा म्हणाला, माझ्या दुकानात चर्चा होते खरी, पण ती होते, मी करत नाही. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कठड्यावर बसून "म्हाताऱ्याला काढा" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेला वाणीही भेटला. म्हाताऱ्याला संघातून काढावे हे त्याचे मत कायम होते. पण कार्यालयातून काढू नये असे लोकांचे म्हणणे होते, आणि लोकांपुढे वाणी कोण? अख्खे गाव पालथे घातले तरी खांबाला लोक सापडले नाहीत. सगळी माणसेच होती.

असे महिने गेले. बांधलेली भांडी काकूंनी एकेक करून सोडली. खांब रोज जाई, रोज सह्या करी. पाणी आले नाही की गावातले लोक त्याच्या नावाने खडे फोडत आणि समाधानाने टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहत. पूर्वी ते नुसतेच उभे राहत असत. तेवढी सोय झाली हे मान्य करावे लागेल. एका रविवारी मुलीचा फोन आला. नात आता पळता पळता चेंडू अडवते, आणि आजोबा कधी येणार म्हणून रोज विचारते, असे ती सांगत होती. "बाबा, तुम्ही येतो म्हणाला होतात. मग का नाही आलात?"

खांबाने तोंड उघडले. मी अडकलो, मी मूर्खासारख्या सह्या केल्या, असे काहीबाही त्याच्या मनात होते. तोंडातून निघाले ते असे: "यायचं ठरलं होतं ग. राहून गेलं."

काकूंनी हातातले काम थांबवून त्याच्याकडे पाहिले. खांबालाही आपला आवाज ओळखू आला नाही. त्याला वाईट वाटले, आणि सकाळपर्यंत त्याला झोप आली नाही.

सोमवारी अभियंता नवी फुटलेली जलवाहिनी घेऊन आला. "काका, ही तुमच्यामुळेच ना?"

"फुटली असेल," खांब म्हणाला.

अभियंत्याने पुन्हा विचारले. खांबाने पुन्हा तेच सांगितले. बातमी बाईंपर्यंत गेली, साहेबांपर्यंत गेली. साहेब धावत आले आणि त्यांनी शेवटचा उपाय म्हणून जुनाच प्रश्न काढला. "काका, तो झेल. अंतिम सामन्यातला. त्याचं काय झालं होतं?"

खांबाने खिडकीबाहेर पाहिले. आपण त्या चेंडूची शिवण हाताला लागताना अनुभवली होती, हे त्याला लख्ख आठवत होते. "सुटला," तो म्हणाला.

सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, त्या एकट्याच आनंदाने रडत होत्या. माणूस निकामी झाल्याची खात्री पटताच त्याच दुपारी त्याला सन्मानाने सेवानिवृत्त करण्यात आले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की अखेरीस काका आपल्यातले झाले.

खांब आता मुलीकडे असतो. घरामागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी तो नातीला झेल देतो. पहिल्याच दिवशी तिच्या हातून एक सोपा झेल गेला. ती ओठ चावून म्हणाली, "आजोबा, मी सोडला." खांबाने आधी कुंपणापलीकडे कुणी ऐकत नाही ना ते पाहिले, मग तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "सुटला म्हणावं, बाळ." काकू आत निघून गेल्या.

इकडे कार्यालयाचा रकाना पुन्हा कोरा जाऊ लागला आहे, ढाल परत मागवण्यात आली आहे आणि रिकाम्या जागेसाठी लोकांमधून अर्ज मागवण्यात आले आहेत. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, क्रिकेट यायलाच हवे असेही नाही. अर्जात फक्त एक वाक्य 'मी' ने सुरू करून स्वतःच्या एका चुकीबद्दल लिहायचे आहे. मुदत अनेकदा वाढवण्यात आली, अजून एकही अर्ज आलेला नाही. तुम्ही करणार होतात, हे ठाऊक आहे. राहून गेला असेल.