गुंडाप्पा मामा आणि रिकामे आठ महिने

ऑगस्टचा पहिला सोमवार. नव्या नळ्यांची रक्कम दोन लाख पंच्याहत्तर हजार. हजर तिघं: आमच्या साखर कारखान्याचे नवे मॅनेजर, खरेदी विभागातला मी, आणि नमुन्याच्या लोखंडी नळीला कान लावून बसलेले गुंडाप्पा मामा.

मामांनी नळीवर नाणं वाजवलं, डोळे मिटले, मग ती नळी मॅनेजरांच्या कानाशी नेली. "ऐका सायेब. आत्ताच खोकतीया."

मॅनेजरांनी ऐकलं. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

मामा मुरुम गावचे. वय एकाहत्तर. रस तापवायच्या हीटरवर त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. हीटर म्हणजे नळ्यांनी भरलेलं उभं पिंप; आतून रस जातो, बाहेरून वाफ. आमचं गाळप चार महिने, बाकी आठ महिने हीटर बंद. लोखंडी नळ्या गंजतात त्या याच आठ महिन्यांत. म्हणून निवृत्तीनंतरही मामा बंदच्या दिवसांत महिन्याला एक फेरी मारत, नळ्या पुसून घेत, चुन्याचं पाणी फिरवत. फेरीचे बाराशे रुपये.

त्यांचा एकच प्रश्न असे: "चालू असताना समदेच शाने. बंद असताना कसं वागतंय?" हा प्रश्न त्यांनी पंपाला लावला, कॅन्टीनच्या फ्रिजला लावला आणि माझ्या मुलीला आलेल्या स्थळालाही लावला.

"पोरगा सुट्टीला काय करतो?"

"झोपतो म्हणाले."

"मग गंजनार. दुसरं बघा."

दुसरं बघितलं. जावई सुट्टीला सायकली दुरुस्त करतो. मामांना जावई मान्य आहे.

मागच्या खेपेला स्वस्त म्हणून लोखंडी नळ्या मीच घेतल्या होत्या. तिसऱ्या हंगामात त्या ऐन गाळपात फुटल्या आणि दीड दिवस उसाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. खरेदीवर सही माझी होती. या वेळी चूक परवडणार नव्हती.

तीन भाव होते. लोखंडी दोन पंच्याहत्तर, स्टेनलेस चार तीस, पितळी सोळा लाख. पितळेवर मामा म्हणाले, "घ्या की. राखायला पोलीस बी घ्या." पितळ गेलं.

मी सहा वर्षांचा तक्ता मांडला. लोखंड दोनदा घ्यावं लागेल, साडेपाच लाख. स्टेनलेस एकदाच.

मॅनेजर म्हणाले, "सहा वर्षांत वाचणार एक लाख वीस हजार. त्यासाठी यंदाच एक पंचावन्न जादा घालू? लोखंडच घ्या."

मामा तक्त्यावर वाकले. "भाऊ, ह्यात माझं न्हाय धरलं?"

ते मी मुद्दाम धरलं नव्हतं.

"धरा की. बाराशे, आठ म्हैने, सहा वर्सं."

"सत्तावन्न हजार सहाशे," मी म्हणालो.

"लोखंडाच्या अंगावर टाका. स्टेनलेसला मी लागत न्हाय. धुऊन कोरडी ठिवली की झालं."

टाकले. बचत एक लाख सत्त्याहत्तर हजार सहाशे झाली. मॅनेजरांनी आकडा दोनदा वाचला आणि स्टेनलेसवर सही केली. माझा जीव भांड्यात पडला. मामांकडे मात्र मला बघवेना.

बाहेर आल्यावर म्हणालो, "मामा, स्वतःचंच नाव कापलंत."

"खोटा हिशोब करायचा का मंग?" ते म्हणाले. "घरी हायच की टीव्ही. पोरगं पुन्याला. कारभारीन गेल्यापासनं आवाज वाढवून ठिवतो."

नळ्यांचे चार लाख तीस हजार पुरवठादाराला गेले. गुंडाप्पा मामांना शेवटच्या फेरीचे बाराशे मी रोख दिले, सही घेतली. त्यातले वीस रुपये त्यांनी कॅन्टीनवाल्याच्या हातावर ठेवले.

"चहा तर घेतला नाही तुम्ही," तो म्हणाला.

"पुढल्या म्हैन्याचं हाय," मामा म्हणाले. "दोन कप. एक भाऊचा."