स्टेनोसाहेबांनी नदीत काय सोडलं?

चहाचा कप ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. सकाळचे साडेसात वाजले होते. धर्मशाळेच्या जेवणघरात लांबलचक बाकांवर बसून अडतीस यात्रेकरू चहा पीत होते, आणि स्टेनोसाहेब तेवढे डोळे फाडून कपात बघत होते.

"काय झालं? माशी पडलीय का?" बायकोने विचारलं.

"माशी असती तर काढून प्यायलो असतो. अगं, मला आठवतच नाहीये."

"काय आठवत नाहीये?"

"मघाशी पाण्यात मी काय सोडलं ते!"

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ठीक होतं. पण स्टेनोसाहेबांनी चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेलं. साक्षीदार अडखळला तरी त्यांच्या वहीत नोंद, न्यायाधीश खोकले तरी नोंद. दुसऱ्यांचा शब्दन् शब्द टिपलेल्या माणसाला दोन तासांपूर्वी स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडलं ते आठवू नये, म्हणजे कमालच झाली!

भानगड आदल्या दिवशी बसमध्ये सुरू झाली होती. यात्रा कंपनीच्या व्यवस्थापकाने माइक हातात घेऊन सांगितलं होतं, "उद्या पहाटे नदीवर स्नान. इथली पद्धत माहितीये ना? बुडी मारायची आणि आपली एक आवडती गोष्ट जन्मभरासाठी सोडायची. आवडती हं! मोठ्याने नाव घ्यायचं, म्हणजे गुरुजी हातात दोरा बांधतील. आणि एकदा सोडली की सोडली, मग लबाडी चालायची नाही."

झालं! बसमध्ये एकच कुजबुज. कोण काय सोडणार? तुम्ही मिठाई सोडणार की पत्ते? स्टेनोसाहेबांनी लगेच बायकोच्या कानात सांगून टाकलं, "मी भोपळा सोडणार."

"तुम्ही भोपळा खाता कधी?"

"म्हणूनच तर!"

चहा मात्र ते काही झालं तरी सोडणार नव्हते. दिवसाला सात कप त्यांना लागायचे, आणि तेही बायकोच्याच हातचे. यात्रेतसुद्धा तीन दिवस ती बिचारी आचाऱ्याच्या शेगडीचा कोपरा मागून घेऊन यांचा वेगळा चहा करत होती. शेजारच्या आसनावरचे औषधवाले हे बघून म्हणाले होते, "वहिनी, इथे तरी आराम करा." त्यावर स्टेनोसाहेबांनीच परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं, "अहो, तिला चहा करायला भारी आवडतं! केल्याशिवाय चैन पडत नाही तिला." आल्यागेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत. बायको खिडकीबाहेर बघत होती.

आज पहाटे पाण्यात पाय घातला आणि सगळं गणितच चुकलं. पाणी कसलं, बर्फच तो! बुडी मारून वर आले तेव्हा कानांत दडे, दातांवर दात आपटताहेत, समोर गुरुजी ओरडताहेत, "बोला, बोला, काय सोडलं?" तोंडातून काहीतरी निघालं एवढं नक्की. काय निघालं, ते देव जाणे.

"तू शेजारीच होतीस की. तुला ऐकू आलं असेल," स्टेनोसाहेब काकुळतीला आले.

"मी नाक धरून पाण्याखाली होते. मला कसं ऐकू येणार?"

"आणि तू काय सोडलंस?"

"सांगीन. आधी तुमचं तर सापडू दे." तिने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. "तुमचा दोरा कुठाय?"

"अंग पुसताना टॉवेलात गेला असेल. दोऱ्याचं काय घेऊन बसलीस? इथे माझा चहा निवतोय!" कप त्यांनी खाली ठेवला. आज कधी नव्हे तो आचाऱ्याच्या हातचा चहा वाट्याला आला होता. बायको दमली असेल असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. पण तो काळाकुट्ट चहासुद्धा आता अमृतासारखा दिसायला लागला. खोटं कशाला बोला, देवाबिवाचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण वाहत्या पाण्यात उभं राहून दिलेला शब्द मोडायची त्यांची हिंमत होत नव्हती.

तेव्हा त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि साक्षी घ्यायला सुरुवात केली. पहिले साक्षीदार औषधवाले. पाण्यात ते यांच्या उजव्या हाताला होते.

"मी काय म्हणालो?"

"चहा," औषधवाल्यांनी डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं, आणि आपल्या कपातला घोट घेतला.

"नक्की?"

"स्पष्ट ऐकलं. चहा! वाईट वाटलं हो मला तुमच्यासाठी." त्यांनी दुसरा कप मागवला.

स्टेनोसाहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून निवृत्त गणिताच्या बाई गरजल्या, "काहीतरीच काय! चहा नाही, साखर म्हणाले ते. मी मागेच उभी होते."

"बाई, मागून कसं ऐकू येईल?"

"वर्गात शेवटच्या बाकावरचं ऐकू यायचं मला. साखर!"

मग काय विचारता! कुणी म्हणालं मीठ, कुणी म्हणालं भात. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी तर शपथेवर सांगितलं, की हे 'राग' म्हणाले. स्टेनोसाहेब सगळं लिहून घेत होते आणि जे लिहिलं जाईल ते पुढ्यातून उचललं जात होतं. चहा गेला, साखर गेली, मीठ गेल्यामुळे नाश्ता गेला. चिडायला लागले तर बाई म्हणाल्या, "सांभाळून, राग सोडला असेल तर?" तेव्हा तोही तसाच गिळावा लागला.

अर्ध्या तासात जेवणघरात सरळ दोन पक्ष पडले. चहावाले एका बाजूला, साखरवाले दुसऱ्या बाजूला. पुढल्या देवळात नऊला पोचायचं होतं, बस भोंगे वाजवत होती, आणि एकही माणूस बाकावरून उठायला तयार नव्हता. व्यवस्थापकाने शेवटी हात जोडले. "चला बाबांनो, गुरुजींनाच विचारू. नाहीतर हे उपाशी बसतील आणि बोल माझ्या कंपनीला लागेल."

अडतीसच्या अडतीस जणं घाटाकडे निघाली. खरं तर गरज एकाचीच होती, पण कळल्याशिवाय राहवणार कुणाला? बायको सगळ्यांत मागे, सावकाश, दुकानं बघत बघत चालली होती.

गुरुजी पायरीवर छत्रीखाली बसून शेंगदाणे खात होते. स्टेनोसाहेबांनी वही उघडली, सगळ्या साक्षी वाचून दाखवल्या आणि अपराध्यासारखे उभे राहिले.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "दोरा दाखवा."

"हरवला."

"हरवला नाही, मी बांधलाच नाही. ज्याने नाव घेतलं त्यालाच मी दोरा बांधतो. तुम्ही चांगले आठवणीत आहात माझ्या. वर आलात, 'आई आई गं!' म्हणून ओरडलात, आणि मी दोरा हातात घेईपर्यंत काठावर पोचलातसुद्धा. इतक्या वेगाने पळालेला भाविक मी बघितला नव्हता."

घाटावर हशा पिकला. स्टेनोसाहेबांना मात्र लाजेपेक्षा आनंदच झाला. "म्हणजे मी चहा म्हणालो नाही?"

"चहा हे म्हणाले," असं म्हणत गुरुजींनी शेंगदाण्याचं टरफल औषधवाल्यांकडे रोखलं.

औषधवाल्यांनी दोरा बाहीत लपवला, पण उशीर झाला होता. "तोंडातून निघून गेलं हो," ते पुटपुटले. "मग समोर कप आला... वाटलं, गर्दीत तुमच्या नावावर खपून जाईल."

"अहो, दोन कप प्यायलात की माझ्यासमोर!"

"अडीच," गणिताच्या बाई म्हणाल्या.

गुरुजींनी दोरा काढला. "बरं, आता आलाच आहात तर उतरा पाण्यात. काय सोडता?"

"भोपळा," स्टेनोसाहेब झटकन म्हणाले.

"आवडतो?"

ते बोलण्याआधीच मागून बायकोचा आवाज आला, "ताटात दिसला तर उठून जातात."

अडतीस जणांसमोर पोटऱ्यांपर्यंत गार पाण्यात उभं राहिल्यावर माणसाला फार लबाडी सुचत नाही. शिवाय चहा वाचला होता, आणि त्या आनंदात स्टेनोसाहेबांचं मन मोठं झालं होतं. "साखर," ते म्हणाले. "चहातली." हे बोलताना त्यांना खरंच वाईट वाटलं. गुरुजींनी मान डोलावून दोरा बांधला.

"मी म्हणत होते ना, साखर!" बाईंनी आपला मुद्दा सोडला नाही.

धर्मशाळेत परत येताना स्टेनोसाहेब अगदी पिसासारखे हलके झाले होते. बाकावर ऐसपैस बसून त्यांनी हाक मारली, "अगं, चहा टाक बरं आता. बिनसाखरेचा. तुझ्या हातचा!"

बायको समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. ती हलली नाही.

"मी सोडला," ती म्हणाली.

"काय, चहा?"

"प्यायचा नाही हो. करायचा."

स्टेनोसाहेब ताठ होऊन बसले. "असं कसं? आवडती गोष्ट सोडायची असते."

"मग? चहा करायला मला भारी आवडतं. केल्याशिवाय चैन पडत नाही. सदतीस वर्षं सगळ्यांना सांगताय की तुम्ही. मला वाटलं, इतकं म्हणतात तर खरंच असेल." तिने दोरा बांधलेला हात वर करून दाखवला. "गुरुजींनी दोनदा विचारलं, खरंच जमेल का बाई. म्हटलं, कठीण आहे, पण करीन प्रयत्न."

"परवा बसमध्येसुद्धा म्हणालात तुम्ही," औषधवाले हळूच बोलले. "या वेळी खरं सांगतोय."

स्टेनोसाहेबांनी वहीकडे पाहिलं, व्यवस्थापकाकडे पाहिलं, शेवटी मनगटावरच्या ओल्या दोऱ्याकडे पाहिलं. अपील कुठे करायचं ते काही सुचेना. मग ते उठले आणि आचाऱ्याच्या शेगडीपाशी गेले. बराच वेळ तिथून कुजबुज येत राहिली. आधी पाणी की आधी पूड, उकळी म्हणजे नक्की कुठपर्यंत, दूध ओतताना थांबायचं कधी. पेन्सिल कागदावर भराभर चालल्याचाही आवाज येत होता.

वीस मिनिटांनी ते दोन कप घेऊन बाहेर आले. एका कपातला चहा निम्मा बशीत सांडला होता. दुसरा, भरलेला, त्यांनी जपून बायकोसमोर ठेवला आणि निकालाची वाट बघत उभे राहिले.

तिने एक घोट घेतला. जरा वेळ तोंडात घोळवला. मग कप त्यांच्याकडे परत सरकवला.

"साखर तुम्ही सोडलीत," ती म्हणाली. "माझ्यात दोन चमचे."