ताईंच्या पत्त्यांना हात लावायचा नाही!

"माझ्या पत्त्यांना माझ्याशिवाय कुणाचाही हात लागत नाही!" हे वाक्य ताई दिवसातून निदान चारदा म्हणत. फोनवर म्हणत, जिन्यात म्हणत, एकदा तर गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी ते ऐकवलं. त्या बिचाऱ्याने फक्त बर्नर कुठला बिघडलाय एवढंच विचारलं होतं.

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता आणि या एका विषयावरून तिथे वर्षभर रणकंदन चाललं होतं. निम्म्या जणींचं म्हणणं, ज्याचा प्रश्न त्यानेच पत्ते पिसावेत, तरच उत्तर खरं येतं. ताई म्हणायच्या, छे! आपला टूथब्रश आपण दुसऱ्याला देतो का? मग पत्ते कसे द्यायचे? यावर त्यांनी एकदा इतका लांबलचक मेसेज टाकला की तिघी जणी ग्रुप सोडून गेल्या. ताईंनी तो आपला विजय मानला.

आणि या हट्टाचं चक्क फळ मिळायची वेळ आली. कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरच्या मालकीणबाईंना दर शनिवारी मागच्या खोलीत टॅरोवाली बसवायची होती. त्यांचा फोन आला.

"एक बाई येऊन गेली, पण ती गिऱ्हाइकांकडून पत्ते पिसून घेते. माझ्या गिऱ्हाइकांच्या हाताला काय असतं? केसांचा रंग, क्रीम, ओलं नेलपेंट! महिन्याभरात पत्त्यांची वडी होईल हो. तुम्ही कुणाला हात लावू देत नाही म्हणे?"

"बोटसुद्धा नाही!" ताई म्हणाल्या.

"मग उद्या चारला घरी येते. माझ्यासाठीच पत्ते काढून दाखवा."

मागची खोली! आणि त्या खोलीला दार होतं! त्या दाराचं ताईंना किती अप्रूप होतं, ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही. आठ वर्षं त्या जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडत होत्या. समोरची बाई मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगत रडतेय आणि सासरे मध्येच डोकावून विचारतायत, "सूनबाई, माझा चष्मा बघितलास का गं?" आठवड्यातून एक दिवस, आतून कडी लावता येईल अशी एक खोली. बाई गं, एवढंच मागणं होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ताईंनी कपाट उघडलं, रेशमी रुमालाची गाठ सोडली आणि त्यांचा हात थबकला. गठ्ठा हाताला हलका लागला. मोजले. बावन्न! पुन्हा मोजले. बावन्नच! पाहिजेत अठ्ठ्याहत्तर. म्हणजे सव्वीस पत्ते गायब, आणि तेही मोठे मोठे. सूर्य नाही, चंद्र नाही, मृत्यू नाही, अगदी मूर्खसुद्धा जागेवर नाही!

"आई!"

सासूबाई चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. असल्या हाकांनी त्या दचकत नसत.

"ते होय? मीच काढलेत. दुपारी तू झोपलीस की मी एकटीच पेशन्सचा डाव लावते. त्याला बावन्नच लागतात. तुझ्यात उगाच जास्तीचे भरलेत."

"जास्तीचे?"

"बावीस तर नुसती चित्रंच आहेत. शिवाय चार घोडेस्वार. पेशन्समध्ये घोड्यांचं काय काम?"

"आई, हे कधीपासून चाललंय?"

"झाली असतील दोन वर्षं. पण रोज सगळे परत घालून ठेवायचे हो मी. परवा तेवढा कंटाळा केला."

दोन वर्षं! या दोन वर्षांत ताईंनी तीन लग्नं जुळतील म्हणून सांगितलं होतं. पण घड्याळ पुढे सरकत होतं.

"मग ते सव्वीस आहेत कुठे?"

"रबरबँडच्या ड्रॉवरमध्ये."

त्या ड्रॉवरमध्ये एकवीस निघाले. तीन सासऱ्यांकडे सापडले. ते एका वेळी तीन पुस्तकं वाचत आणि तिन्हींत एकेक पत्ता खुणेला घालत. "चांगले जाड आहेत गं," त्यांनी कौतुक केलं, पण तिसरा पत्ता प्रकरण संपल्याशिवाय सोडायला ते तयार होईनात. एक पत्ता जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली होता.

"टेबल हलतं म्हणून तूच ओरडत होतीस ना?" नवरा म्हणाला. "मग मी आपली घडी घालून ठेवली."

"घडी?" ताई किंचाळल्या. तेवढ्यात बेल वाजली. मालकीणबाई! पंधरा मिनिटं आधीच!

ताईंनी घाम पुसला, हसू आणलं आणि मालकीणबाईंना टेबलाशी बसवलं. "हात मांडीवर ठेवा हं. पत्त्यांना लावायचा नाही."

"वा! हेच मला हवंय," मालकीणबाई खूश झाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. त्यांच्याकडे केस कापणारी एक मुलगी होती, हात अगदी सोन्याचा. ती आता नोकरी सोडून समोरच्याच इमारतीत स्वतःचं दुकान टाकणार होती. तिला अडवायचं का?

ताईंनी डोळे मिटून पहिला पत्ता मांडला. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं : "बीपीची गोळी, जेवणानंतर".

"हे काय?" मालकीणबाईंनी मान वाकडी करून विचारलं.

ताईंनी त्यावर झटकन अंगठा ठेवला, तोच सासरे आले. "सूनबाई, संपलं गं प्रकरण. हा घे तुझा तिसरा." पाठोपाठ नवरा टेबलाखाली शिरला, कारण खालचाही लगेच हवाय असा त्याने अर्थ घेतला होता. टेबल कलंडलं. मालकीणबाईंनी पाय वर घेत किंकाळी फोडली आणि पत्ते घरभर झाले!

"तुमच्या पत्त्यांना कुणी हात लावत नाही म्हणालात ना?"

तेवढ्यात सासूबाई आल्या. "हा एक माझ्या चष्म्याच्या डबीत राहिला होता बघ," असं म्हणत त्यांनी सव्विसावा पत्ता थेट मालकीणबाईंसमोर ठेवला. मृत्यू! घोड्यावर बसलेला सांगाडा! मालकीणबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"घाबरतेस काय अशी?" सासूबाईंनी खुर्ची ओढली. "चौतीस वर्षं याच्याशी रोजची गाठ होती माझी. निघालेल्या माणसाला धरून ठेवता येत नाही, एवढंच तो सांगतो. पोरगी चाललीय ना? जाऊ दे. अडवलीस तर तुझ्याच दुकानात कात्री आपटत बसेल. हसून निरोप दे, म्हणजे जास्तीची गिऱ्हाइकं तुझ्याकडे पाठवेल. आता बाकीचं बघू. घे, तूच पिस. हात धुतलेस ना?"

मालकीणबाई उठून हात धुऊन आल्या आणि त्यांनी पत्ते पिसले! मग त्या रडल्या, नाक शिंकरलं, बहिणीचं विचारलं, गुडघ्याचंही विचारलं. पाऊण तास ताई चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. कुणी कप उचलला नाही.

"मावशी, शनिवारी अकराला या," मालकीणबाई जाताना म्हणाल्या. "खोलीत बेसिन आहे. मी साबण ठेवते, गिऱ्हाइकं हात धुऊन बसतील."

दार लागलं आणि ताईंना रडूच कोसळलं. "आई, ती माझी खोली होती!"

"अगं, मी कुठे मागितली?" सासूबाई जरा ओशाळल्या. "पण खरं सांगू? दुपारी घरात जीव रमत नाही माझा. म्हणून तर पेशन्स लावायचे." ताईंनी डोळे पुसले आणि गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

शनिवारी सासूबाई गेल्या, सोबतीला सासरे गेले, सोडायला नवरा गेला. आठ वर्षांत पहिल्यांदा घर चिडीचूप झालं. ताई ऐटीत टेबलाशी बसल्या, अकराच्या गिऱ्हाइकाला आत घेतलं, रुमालासाठी हात पुढे केला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पत्ते पार्लरमध्ये गेलेत.

त्याच संध्याकाळी त्यांनी नवा संच मागवला. पार्सल कुणीही फोडायचं नाही, असं तिघांना तीन-तीनदा बजावलं. बुधवारी ताई आंघोळीला गेल्या आणि नेमकं तेव्हाच पार्सल आलं. त्या डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर येतात तो टेबलावर सगळे पत्ते ओळीने मांडलेले आणि भोवती तिघं उभे.

"सूनबाई, काळजी करू नकोस," सासरे अभिमानाने म्हणाले. "मागच्या वेळेसारखा घोळ नको म्हणून आम्ही तिघांनी एकेकदा मोजले. बरोबर अठ्ठ्याहत्तर आहेत!"

ताई मटकन खुर्चीत बसल्या. "आणा इकडे," त्या म्हणाल्या, "एकदा मीही मोजते."